चाळिशीनंतर सायकलची शर्यत: एका हंगामात शरीराचं, वेळेचं आणि घराचं काय होतं?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहा वाजता नाशिकबाहेरच्या रस्त्यावर २६ जण सायकली घेऊन उभे होते. सगळे ४५ वर्षांवरचे. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणाचं स्वतःचं दुकान. त्यात माझे बाबाही होते. वय ४८, नोकरी सरकारी कार्यालयात, सायकल कर्ज न काढता पण आईला न विचारता घेतलेली.

बाबा त्या शर्यतीत १९वे आले. घरी आल्यावर त्यांनी पोहे खाल्ले, दोन तास झोपले आणि उठल्यावर म्हणाले, "पुढच्या वर्षी परत."

गेल्या काही वर्षांत पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, मुंबई अशा शहरांत पहाटे हेल्मेट घालून निघणाऱ्या मध्यमवयीन माणसांचे घोळके वाढलेले दिसतात. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. ही मंडळी नेमकं काय करतात? या वयात शर्यत झेपते का? आणि सुरू करण्याआधी काय माहीत असायला हवं? बाबांच्या एका हंगामाच्या निमित्ताने समजून घेऊया.

हौशी सायकलिंगमध्ये कोणकोणते प्रकार असतात?

पावसाळा संपला की आपल्याकडे खरा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात हवा बरी असते आणि रस्ते कोरडे असतात. हौशी सायकलस्वार साधारण चार प्रकारांत उतरतात.

टाइम ट्रायल: प्रत्येक जण ठरावीक अंतराने एकटा सुटतो. कुणाच्या मागे लपायचं नाही. तुम्ही आणि घड्याळ.

सामूहिक शर्यत: सगळे एकत्र सुटतात आणि जो आधी पोहोचेल तो जिंकतो. बहुतेक ठिकाणी वयोगट वेगळे असतात.

घाट शर्यत: फक्त चढ. अंतर कमी, दमछाक जास्त.

बीआरएम किंवा ब्रेव्हे: ही शर्यत नाही, इथे क्रमांक नसतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास मिळतात. एकाच हंगामात ही चारही अंतरं पूर्ण करणाऱ्याला 'सुपर रँडोनर' म्हणतात. या प्रकाराची सूत्रं फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेकडे आहेत.

नाशिककरांना या सगळ्याचं वेड लागण्यामागे एक कारण घरचंच आहे. 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. या शर्यतीसाठी पात्र ठरायची एक वाट पुणे ते गोवा या सुमारे ६४३ किलोमीटरच्या 'डेक्कन क्लिफहँगर'मधून जाते.

वयाबरोबर शरीरात काय बदलतं?

सहनशक्तीच्या खेळात सर्वात महत्त्वाचा आकडा म्हणजे 'व्हीओटू मॅक्स'. जोरात व्यायाम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचं हे माप. तिशीनंतर तो दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी घसरतो. नियमित आणि जोरकस व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही घसरण बरीच कमी राहते.

हृदयाचे कमाल ठोकेही वयाबरोबर कमी होतात. '२२० वजा वय' हे सूत्र तुम्ही ऐकलं असेल. बाबांसाठी ते १७२ येतं. हा फक्त अंदाज आहे. दोन निरोगी माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यामुळे घड्याळातला आकडा पाहून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

तिसरा बदल सगळ्यांना जाणवतो, तो म्हणजे थकवा उतरायला लागणारा वेळ. पंचविशीत रविवारी शर्यत करून मंगळवारी परत जोर लावता येतो. पन्नाशीकडे झुकताना तोच थकवा गुरुवारपर्यंत पाय ओढतो.

आणि चौथा बदल म्हणजे अक्षरशः चाळिशी. सायकलच्या हँडलवरचा छोटा मीटर बाबांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. त्यांनी त्यावर फक्त दोन आकडे ठेवलेत, वेळ आणि ठोके, मोठ्या अक्षरात.

मग सुधारणा होते तरी का?

होते. याचं सर्वात गाजलेलं उदाहरण फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांचं. २०१२ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांनी एका तासात २४ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं. दोन वर्षांनी, १०२ वर्षांचे असताना, तासात जवळपास २७ किलोमीटर! मधल्या काळातल्या सरावात त्यांचा व्हीओटू मॅक्स ३१ वरून ३५ पर्यंत गेला होता. त्यांचा बहुतांश सराव हलक्या वेगाचा होता आणि थोडाच भाग जोराचा.

हाच मंत्र बाबांच्या गटातल्या जुन्या सायकलस्वारांनी त्यांना दिला. आठवड्यात चार दिवस बोलता बोलता चालवता येईल इतकी हलकी सायकल, एकच दिवस दम लागेपर्यंत. ऑक्टोबरमध्ये २० किलोमीटरच्या टाइम ट्रायलला त्यांना ३८ मिनिटं २० सेकंद लागले होते. फेब्रुवारीच्या शेवटी त्याच रस्त्यावर ३६ मिनिटं ५० सेकंद. दीड मिनिटासाठी पाच महिने, असं आई म्हणाली. बाबांनी तो आकडा कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय.

घोळक्यातून मागे पडलं की संपलं, असं का म्हणतात?

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. वेग वाढला की हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. म्हणजे ३० च्या वेगावरून ३६ वर जायचं तर वेग २० टक्के वाढतो, पण हवेसाठी लागणारी ताकद सुमारे ७३ टक्के वाढते.

पुढच्याच्या चाकामागे अगदी जवळ राहिलं तर तो हवा फोडतो आणि मागच्याची साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. पण मध्ये काही मीटरचं अंतर पडलं की हा आडोसा जातो.

बाबांचं त्या शर्यतीत हेच झालं. १४व्या किलोमीटरला एका छोट्या चढावर पुढच्यांनी वेग वाढवला. आधी दोन मीटरचं अंतर पडलं, मग दहाचं, मग घोळका वळणावर दिसेनासा झाला. उरलेले ३१ किलोमीटर त्यांनी आधी एकट्याने आणि नंतर मागून आलेल्या एका शिक्षकांबरोबर आळीपाळीने हवा कापत काढले. त्या शिक्षकांशी आता त्यांची घट्ट मैत्री आहे.

सर्वात महत्त्वाचं: तपासणी आधी, शर्यत नंतर

बाबांनी उलटं केलं. ऑक्टोबरची टाइम ट्रायल झाली, नोव्हेंबरमध्ये २०० किलोमीटरची ब्रेव्हे झाली आणि डिसेंबरमध्ये कार्यालयातल्या आरोग्य तपासणीत रक्तदाब निघाला १५४/९८. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला, तेवढाच. कसलाही त्रास नव्हता. उच्च रक्तदाबाची अडचण हीच आहे, बहुतेकांना तो जाणवत नाही.

डॉक्टरांनी सायकल बंद केली नाही. गोळी सुरू केली, ईसीजी आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून घेतली आणि दीड महिना शर्यत नको म्हणाले. जानेवारीची घाट शर्यत बाबांनी रस्त्याकडेला उभं राहून, पाण्याच्या बाटल्या वाटत पाहिली. पाच महिन्यांत मी त्यांना इतकं गप्प फक्त त्या दिवशी पाहिलं.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, चाळिशीनंतर जोराचा व्यायाम सुरू करताना रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्या. घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर ते आवर्जून सांगा.

दोन, बीटा ब्लॉकर प्रकारची रक्तदाबाची औषधं हृदयाचे ठोके कमी ठेवतात. ती घेत असाल तर '२२० वजा वय' हे गणित तुम्हाला लागू नाही. लघवी वाढवणारी औषधं, म्हणजे डाययुरेटिक, 'वाडा'च्या प्रतिबंधित यादीत आहेत. अधिकृत स्पर्धेत उतरत असाल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. मनाने कुठलीही गोळी बंद करू नका.

तीन, चालवताना छातीत दुखलं किंवा दडपण आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, धडधड अनियमित वाटली, तर थांबा. 'एवढा चढ संपवून बघू' म्हणू नका.

सायकल पुरेशी आहे का?

नाही. सायकल चालवताना शरीराचं वजन सायकल पेलते, त्यामुळे हाडांवर पुरेसा भार येत नाही. वयाबरोबर स्नायू आणि हाडं दोन्ही झिजतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवते. बैठका, वजन उचलणं, जिने चढणं हे सगळं त्यात चालतं.

खाण्याचंही तसंच. तासाभरापेक्षा जास्त चालवायचं असेल तर दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. महागडी जेल नसली तरी चालतं. एक मोठं केळं, थोडी चिक्की किंवा चार-पाच खजूर यात काम भागतं.

आणि घर?

याचं सूत्र कुठल्याच पुस्तकात नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आईने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातले १६ रविवार बाबा सकाळी घरात नव्हते. ती भांडली नाही, तिने फक्त ते पान दाखवलं.

पुढच्या हंगामासाठी करार झालाय. महिन्यातले दोन रविवार घरचे. रोज सकाळी रक्तदाब मोजून त्याच कालनिर्णयवर लिहायचा. आणि आईला संध्याकाळी चालायला जायचंय, तेव्हा स्वयंपाक बाबांचा.

कालचा आकडा होता १२८/८२. त्याच्या शेजारी आईच्या अक्षरात लिहिलंय, 'भाजीत मीठ जास्त.'