सूर्यास्ताची मागणी

१८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि खानदेशच्या कापसाला मोठी वाट मिळाली. जळगावसारख्या ठिकाणी वाफेच्या इंजिनावर चालणारी जिनिंग-प्रेसिंगची कारखानदारी वाढली. हंगाम थोड्या महिन्यांचा, तेवढ्यात सगळा माल उरकायचा. दिवस मावळल्याचं इंजिनाला सोयरसुतक नव्हतं.

मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशी जिनांची जी हकिगत आली, ती आजही वाचवत नाही. ऐन हंगामात यंत्रं सलग आठ-आठ दिवस अहोरात्र चालत, आणि तीही त्याच माणसांवर. ही माणसं म्हणजे मुख्यतः बायका. रोलरपुढे बसून मूठ-मूठ कापूस घालत राहायचं. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, नाकातोंडात तूस. १८८१ च्या कारखाना कायद्याचा त्यांना उपयोग नव्हता, कारण वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारा कारखाना त्यात बसतच नव्हता.

आयोग नेमला त्याच वर्षी, १८८४ मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात एक मागणी होती: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं.

या मागणीचं शरीरातलं कारण कळायला पुढचं शतक उजाडावं लागलं. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांना फळमाशीत दिवस-रात्रीचा ठेका धरणारं ‘पीरियड’ जनुक सापडलं. अशीच जनुकं माणसाच्याही पेशीपेशीत आहेत. पेशीने कधी विभागायचं, बिघडलेला डीएनए कधी दुरुस्त करायचा, यावर त्यांचा वचक असतो. २००२ मध्ये त्यांतलं ‘पर २’ बिघडवलेल्या उंदरांवर किरणांचा मारा केला, तेव्हा त्यांच्यात गाठी जास्त झाल्या. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा ठेका मोडणारी पाळीची कामं ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली. २०१९ मध्ये रातपाळीबद्दल तोच निष्कर्ष कायम राहिला. हा धोका वर्षानुवर्षांच्या रातपाळीचा. जिनातल्या आठ जाग्या रात्रींवरून कुणाच्या आजाराचं निदान करणं चुकीचं ठरेल.

१९११ च्या कारखाना कायद्याने हंगामी कारखाने कक्षेत आणले, बायकांना रात्रीच्या कामाची मनाई केली, पण जिनिंग-प्रेसिंगला सवलत ठेवली. म्हणजे जिथे गरज सर्वांत मोठी, तिथेच पळवाट. २०२० च्या कामगार संहितेने संमती असेल तर बायकांना रातपाळी खुली केली आहे. ती संमती घेताना रातपाळीची किती वर्षं झाली याची नोंद आणि नियमित तपासणी बंधनकारक हवी. भुसावळच्या रेल्वेत आणि दीपनगरच्या वीजकेंद्रात रात्री जागणाऱ्या पुरुषांनाही ती तितकीच लागू व्हावी.