वेदना, अफू आणि तारापूर

तारापूरचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतला, हे येथील शाळकरी पोरही सांगेल. त्याआधीच्या पोर्तुगीज अमदानीत वेदनाशामकांची चर्चा छापून निघाली होती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. गार्सिया द ऑर्ता हा पेशाने वैद्य. मुंबई बेट त्याजकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादग्रंथात अफूवर स्वतंत्र प्रकरण आहे.

आमच्याकडे भातलावणीने मोडलेल्या कंबरेला निर्गुडीचा शेक देत. अफूचा मान मोठा आणि भीतीही मोठी. (तरीही बाळगोळीतून ती तान्ह्या पोरांच्या पोटात जाई, ही आमच्या शहाणपणाची कथा!) १८०५च्या सुमारास जर्मनीत सर्ट्युर्नरने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले, तेव्हा अंदाजाने चाललेले काम वजनावर आले.

पुढे १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. हेतू रास्तच होता. पण परवान्यांच्या जंजाळाला कंटाळून रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि १९९७पर्यंत देशातील त्याचा औषधी वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. अफू पिकविणाऱ्या देशातच कर्करोगाचा रोगी तळमळत राहिला. हा दोष कायद्याच्या अक्षरांचा जितका, तितकाच आमच्या भित्रेपणाचा, असे आम्ही मानतो. २०१४ साली कायदा सुधारून अत्यावश्यक औषधांची वाट काहीशी मोकळी झाली. योगायोग असा की पालघर जिल्हाही त्याच वर्षी, १ ऑगस्टला, जन्मास आला.

या जिल्ह्याच्या बोईसर-तारापूर वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. येथल्या माणसाला गोळी ही परकी वस्तू नव्हे. ती करणारे हात शेजारच्या घरातले. म्हणून २०२५च्या फेब्रुवारीतील बातमी आम्हांस बोचली. मुंबईच्या एका औषध कंपनीच्या टॅपेन्टाडॉल व कॅरिसोप्रोडॉल एकत्र केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघड झाले. दोन्ही औषधे वेगवेगळी येथे मान्य आहेत. मिश्रण मान्य नाही. सरकारी पथकाने तपासणी करून साठा जप्त केला, उत्पादन थांबविले.

कारवाई योग्यच झाली. पण ती बातमी वाचून जव्हार-मोखाड्याकडचा एखादा डॉक्टर मॉर्फिनच्या कपाटाला दुसरे कुलूप घालील, अशी धास्ती आम्हांस वाटते.