साध्या गाण्याची ओढ

चैत्र उजाडला की उल्हासनगरात चेटीचंडाची लगबग सुरू होते, आणि अंबरनाथ-बदलापूरकडचे आम्ही काही मराठी श्रोतेही तेथील गाण्याच्या मांडवात जाऊन बसतो. कोणत्याही कंपनीच्या आश्रयावाचून, आपला आपण गात आलेला एक तरुण सिंधी गायक आम्ही काही वर्षांपूर्वी एका लहानशा दालनात ऐकला होता. साथीला मातीचे मडके आणि एक ढोलक, एवढेच. पुढे तोच गायक आम्ही भव्य मंचावर ऐकला. विजेवरची वाद्ये, रंगीत दिव्यांचे झोत, नवी आणि गुंतागुंतीची गाणी. टाळ्या पुष्कळ पडल्या. परंतु उठताना आम्ही सारे एकच म्हणत होतो : पूर्वीचे ते साधे गाणेच बरे होते.

हा केवळ आमच्या वयाचा दोष काय? की त्यात काही तथ्य आहे? याचा निवाडा करावयाचा तर ज्या परंपरेतून हे गाणे आले तिच्याकडे वळले पाहिजे.

सिंधमध्ये 'भगत' नावाची गायनाची रीत होती. आपल्या कीर्तनाशी तिचे नाते जवळचे. तिचे सर्वांत थोर नाव संत कंवरराम यांचे. १८८५ साली सक्कर जिल्ह्यातील जरवार गावी ते जन्मले आणि १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्थानकावर गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. अंगात घोळदार जामा, डोक्यास पगडी, पायांत घुंगरू, अशा थाटात ते गात आणि नाचत. शाह लतीफ, सचल आणि सामी यांची वचने त्यांच्या मुखी असत. झोळीत जे पडे ते गरजूंना वाटून टाकीत. आता यास साधे कसे म्हणावे? वेष होता, नृत्य होते, अभिनय होता. साधेपणा वाद्यांच्या संख्येत नव्हता. तो गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये आडपडदा नसण्यात होता.

मग ध्वनिमुद्रिका आली. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. मास्टर चंदर (१९०७–१९८४) यांच्यासारख्या गायकांचा आवाज तिच्यामुळे घरोघर पोहोचला, हा लाभ थोडाथोडका नव्हे. पण रात्रभर चालणारी बैठक तिच्यात कोठून मावणार? जे गळाले त्यात श्रोत्याचा वाटाही होता.

१९४७ नंतर सिंधी निर्वासित मुंबई इलाख्यात आले. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत त्यांची लाखाच्या घरातील वस्ती झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. घरदार मागे राहिले, तेथे वाद्यवृंदाची काय कथा? प्राध्यापक राम पंजवाणी (१९११–१९८७) मडक्यावर ताल धरून लोकगीते गात आणि विखुरलेल्या समाजाला त्याची भाषा ऐकवीत. मडके कोणाच्याही घरी सापडे, आणि ते वाजू लागले की ऐकणाराही त्या गाण्याचा धनी होई. ज्यांची भूमी गेली त्यांना उभे राहावयास गाण्यात तरी जागा हवी होती.

आमच्या तक्रारीचे मूळ आम्हांस येथे सापडते. त्या गायकाने नवी वाट धरली यात त्याचे काही चुकले नाही. पेटीसुद्धा एके काळी परदेशातून आलेले नवे वाद्यच होते. एका दालनात तो जन्मभर बसून राहावा अशी इच्छा धरणे हा श्रोत्याचा स्वार्थ झाला. परंतु त्या मंचापुढे आम्हांस टाळ्या वाजविण्यापलीकडे काम उरले नव्हते, हेही खरे. आम्ही जुने गाणे म्हणून ज्याची आठवण काढीत होतो, ती त्या गाण्यातील आमची जागा होती.

सकाळी बदलापूरकडून मुंबईस जाणाऱ्या गाडीत कधीकधी भजनी मंडळी भेटतात. टाळ असतात, एखादा मृदंग असतो, आणि सूर बेताचाच असतो. तरी अंबरनाथ येईतो डब्यातील कितीतरी अनोळखी माणसे ध्रुवपद धरतात. उल्हासनगरला चढणाऱ्यालाही उभे राहण्यापुरती जागा करून दिली जाते, आणि पुढच्या ओळीला तोही गाऊ लागतो.