जत्रेतला पाळणा कोण थांबवतो?

माझ्या पीएच.डी.चा विषय 'जत्रा आणि परवानगी' असा आहे म्हटलं की नातेवाईक हमखास विचारतात, यात संशोधन करण्यासारखं काय आहे बुवा? जत्रा भरते, लोक जातात, रेवड्या घेऊन परत येतात. माझं उत्तर बहुतेक वेळा पाळण्यापासून सुरू होतं. तुम्ही जत्रेतल्या पाळण्यात बसलाच असाल. तिकीट काढण्याआधी काय बघितलं होतं, आठवतं? आपण उंची बघतो, रांग बघतो, फार तर दर विचारतो. पाळणा थांबवणारा माणूस कुठे उभा आहे, हे मी तरी तिशी गाठेपर्यंत कधी बघितलं नव्हतं.

आज त्या माणसाबद्दल लिहायचंय. पण सुरुवात शिर्डीपासून करू, कारण आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जुनी कागदपत्रं वाचून माझ्या तोंडात नगरच बसलंय) जत्रेच्या परवानगीची सगळ्यात बोलकी गोष्ट तिथली आहे.

साल १८९७. शिर्डी तेव्हा कोपरगाव तालुक्यातलं लहानसं खेडं. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांच्या मनात आलं की इथे उरूस भरवावा. गावातली मंडळी तयार झाली, साईबाबांनी होकार दिला, कलेक्टरकडे अर्ज गेला. आणि गावच्या कुळकर्ण्यानं विरोधात रिपोर्ट दिला! परवानगी नाकारली गेली. पुन्हा खटपट केली, तेव्हा ती मिळाली. हे सगळं दाभोलकरांच्या श्रीसाईसच्चरितात सहाव्या अध्यायात आहे. लोक तो अध्याय रामनवमीच्या उत्सवाची कथा म्हणून वाचतात, मी मात्र परवानगीची फाईल वाचावी तसा वाचते.

परवानगी मिळाल्यावर पुढची अडचण कसली आली? पाण्याची. गावात दोन विहिरी. एक लवकर आटायची, दुसरीचं पाणी खारट. बाबांनी त्या खाऱ्या विहिरीत फुलं टाकली आणि पाणी गोड झालं, अशी भाविकांची आठवण आहे. शिवाय तात्या पाटलांनी बाहेरून पाणी आणायची सोय केली, तीही नोंदलेली आहे. दुकानं उभी राहिली, कुस्त्यांचे फड झाले. योगायोग बघा, त्याच १८९७ सालच्या फेब्रुवारीत प्लेगमुळे साथरोगांचा कायदा झाला होता. त्या काळच्या सरकारला जत्रा म्हटलं की आधी पटकी आणि प्लेग दिसायचा, मग भांडणं, मग चोऱ्या. जत्रेतली 'सुरक्षितता' म्हणजे पाणी, गर्दी आणि बंदोबस्त. पिण्याच्या पाण्यावाचून उरूस अडत होता त्या शिर्डीत आज वॉटर पार्क आहे. दर्शन झालं की पोरं आईबापांना तिकडे ओढतात.

आता कायद्याकडे वळू. कंटाळू नका, यात गंमत आहे. १८९० सालचा मुंबई जिल्हा पोलीस कायदा आणि मुंबई शहराचा १९०२ सालचा कायदा यांच्या जागी १९५१ साली मुंबई पोलीस कायदा आला. तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून चालतो. त्यात 'सार्वजनिक करमणुकीची जागा' म्हणजे काय, हे सांगितलंय. सर्कस, नाटकगृह, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, बिलियर्डची खोली, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, नाचगाण्याचा हॉल, सगळं एका ओळीत. कलम ३३ खाली अशा जागांना परवाने द्यायचे नियम करता येतात. आत येण्या-जाण्याचे रस्ते कसे असावेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होऊ नये, दंगा होऊ नये. १९६० साली याखाली जे नियम झाले त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत.

दुसरा कायदा १९२३ सालचा, करमणूक शुल्काचा. त्याचं लक्ष तिकिटावर. किती विकली, किती फाडली.

म्हणजे एका कायद्यानं जागा बघितली, दुसऱ्यानं तिकीट. जागा आणि तिकीट यांच्या मधोमध जी फिरणारी वस्तू उभी आहे, तिच्याकडे कोणी बघायचं? नियमांचा दोष काढणं सोपं आहे. पण ज्या काळात ही चौकट घडली, तेव्हा जत्रेतला पाळणा म्हणजे चार लाकडी पेट्या आणि हातानं ढकलणारा एक माणूस होता. त्याची तपासणी कलेक्टरनं करावी असं कोणाला सुचणार?

हा हातपाळणा फार जुना आहे आणि फक्त आपला नाही. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६२० साली तुर्कांच्या राज्यात, आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्हदिव्ह गावी होता. तिथे ईदेच्या दिवसांत लोक असल्याच उभ्या चाकात बसून फिरताना त्यानं बघितले आणि चित्रही काढून ठेवलं. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसनं २६४ फूट उंच चाक उभं केलं. ३६ डबे, एका वेळी २,१६० माणसं. नाव त्याचं राहिलं. चाक आधीपासून होतं.

हातपाळणा चालतो कसा, हे जरा नीट बघू. ढकलणारा समोरासमोरच्या पेट्यांत वजन सारखं करतो. जाड काकूंसमोर दोन पोरं बसवतो. आपल्याला वाटतं तो जागा भरतोय. तो तोल साधत असतो. तोल चुकला तर जड बाजू धप्पकन खाली येते आणि तो धक्का पहिल्यांदा त्याच्या खांद्याला बसतो. कोणी रडायला लागलं तर आवाज त्याच्या कानाशी असतो. कोणाचा पदर बाहेर लोंबत असला तर तो त्याच्याच हाताला लागतो. थांबवायचं तर तो पेटी धरून दोन पावलं तिच्याबरोबर चालतो. मोठ्या पाळण्यांत तर दोघंतिघं आऱ्यांवर चढून, स्वतःच्या वजनानं चाक फिरवतात. बघताना आपल्याच पोटात गोळा येतो, आणि ते त्यांच्या जिवाशी खेळ आहे यात शंका नाही. पण बसलेल्यांच्या बाजूनं बघितलं तर त्या पाळण्याला ब्रेक होता, कान होते, डोळे होते, आणि ते सगळं चाकापासून हातभर अंतरावर होतं.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे लगेच कळेल. कमरेला भोपळा किंवा डबा, वर काठावर मामा, मामाच्या हातात दोर. भोपळ्यापेक्षा भरवसा दोराचा असतो, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडे बघणारं कोणीतरी असतं.

मग इंजिन आलं. आधी डिझेलचं, मग विजेची मोटर, जनरेटर. पाळणा चारवरून वीस पेट्यांचा झाला. आणि माणूस चाकापासून दूर गेला, कुठल्या तरी पत्र्याच्या टपरीत, स्विच आणि तिकिटांच्या गल्ल्याजवळ.

असंच तिकडेही झालं होतं, पण एक फरक आहे. अमेरिकेत कोनी आयलंडला १८८४ साली थॉम्पसन नावाच्या माणसानं चढउताराची गाडी सुरू केली. वेग ताशी सहा मैल, म्हणजे आपल्या सायकलीपेक्षा कमी. पुढे अशा गाड्या वेगवान झाल्या तेव्हा कितीतरी गाड्यांवर ब्रेक धरायला एक माणूस प्रवाशांबरोबर बसायचा. मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये १९१२ सालची अशी गाडी अजून आहे आणि तिच्यावर अजून ब्रेकवाला उभा असतो. बाकी बहुतेक ठिकाणी तो माणूस गेला. पण तो गेला तेव्हा त्याच्या जागी काहीतरी आलं होतं. जॉन मिलरनं रुळाच्या खालून पकडणाऱ्या चाकांचं पेटंट १९१९ साली घेतलं, त्यामुळे गाडी उसळून रूळ सोडेना. चढावर साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून दातेरी अडसर आला. ब्रेक रुळातच बसवले गेले. माणसाचा हात निघाला, पण त्याचं काम यंत्राकडे सोपवूनच. आपल्या जत्रांत हात निघाला आणि पुष्कळदा त्याचं काम कोणाकडेच गेलं नाही. माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

ठरावीक जागच्या पार्कांचं थोडं वेगळं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ साली सुरू झालं, गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली, शेजारचं वॉटर किंगडम १९९८ साली. अशा पार्कांत यंत्र एकाच काँक्रीटवर वर्षानुवर्षं उभं राहतं, सकाळी रिकामं फिरवून बघायला वेळ असतो, देखभालीची वही ठेवता येते. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे मानकही अशाच यंत्रांसाठी आहे. म्हणून तिथे अपघात होत नाहीत असं नाही. अहमदाबादच्या कांकरियाला १४ जुलै २०१९ ला लोलकासारखी झुलणारी राईड चालू असतानाच तुटून खाली आली. दोघांचा जीव गेला, पंचवीसहून जास्त जखमी झाले. वहीत लिहिलेली तपासणी आणि केलेली तपासणी यांच्यात अंतर पडू शकतं.

जत्रेतला पाळणा मात्र दर आठ-पंधरा दिवसांनी सुटा होतो, ट्रकवर चढतो आणि दुसऱ्या गावी पुन्हा जोडला जातो. प्रत्येक बोल्ट प्रत्येक वेळी नवा आवळायचा. कोणता किती, हे जोडणाऱ्या पोरांच्या हाताला माहीत, कागदावर क्वचितच. आणि जमीन! आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत, म्हणजे जमीन कडक वाळलेली. मोहटादेवीची नवरात्रात, पावसाळा सरता सरता. गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यातली काळी माती तर ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पायाखाली लाकडी ठोकळे देऊन समतल केलेला पाळणा रात्रीच्या एका पावसानंतर सकाळी समतल राहीलच असं नाही. परवाना मात्र पावसाआधीचा असतो आणि यात्रा संपेपर्यंत चालतो.

मढीवरून आठवलं. तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक गाढवाचं तोंड उघडून दात बघतं, चालवून बघतं, मगच पैशाचं बोलतं. तिथे उभी असताना मी पहिल्यांदा पाळण्याचे सांधे बघायला गेले, कारण स्वतःचीच लाज वाटली.

बघून मला काय कळलं? बोल्टांमधलं फारसं नाही. मी इतिहासाची विद्यार्थिनी, लोखंडाचा थकवा मला डोळ्यांनी दिसत नाही, तुम्हालाही दिसणार नाही. पण हात कुठे आहे ते दिसतं. प्रत्येक पेटीची आडवी दांडी कोणी स्वतः ओढून बघतंय का, की 'लावा, लावा' म्हणून ओरडतंय? स्विचवाल्याला सगळ्या पेट्या दिसतात, की मध्ये कापडी जाहिरात टांगलीय? तो फोनवर आहे का? लोक चढत-उतरत असताना चाक पुरतं थांबतं, की गर्दीच्या रात्री हळू चालू ठेवूनच माणसं भरतात? मला सगळ्यात जास्त भीती या शेवटच्या गोष्टीची वाटते. आपण वरच्या टोकाला घाबरतो, पण चढता-उतरताना आपल्याला कशानंच धरलेलं नसतं.

पदर, ओढणी, मोकळे केस आत घ्या, हे आजी सांगते तेच. पेटी मध्येच थांबली तर उठून खाली वाकून बघू नका, तोल तिथेच जातो. लहान मूल मांडीवर घेतलं की दांडी तुमच्या पोटाला बसते. मुलाला धरायला फक्त तुमचे दोन हात उरतात, आणि तेही घाबरलेले.

पाण्याच्या घसरगुंडीवरही तेच. वर उभा असलेला पोरगा खालचा माणूस बाजूला झाल्यावरच पुढच्याला सोडतो का, हे एक मिनिट थांबून बघा. खाली-वर दिसत नसेल तर त्यांच्यात शिट्टीची किंवा दिव्याची खूण ठरलेली असते. ती न पाळता 'जा, जा' चाललं असेल तर रांगेतून बाहेर या, तिकीट गेलं तर जाऊ दे. डोकं पुढे करून कधीच जाऊ नका. लाटांच्या तलावात जीवरक्षक उंच खुर्चीवर हवा, आणि त्याची नजर पाण्यावर हवी. तळाच्या जाळीशी पोरांना खेळू देऊ नका. ती पाणी ओढते आणि केसही ओढते. अशाच एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर अमेरिकेत २००७ साली त्या जाळ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडे कायदा हलतो तोही मोठं काही घडल्यावर. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला काळुबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, जवळपास ३०० माणसं गेली. न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला, आणि यात्रेतल्या गर्दीकडे, वाटांकडे, दुकानांच्या रांगांकडे प्रशासन वेगळ्या नजरेनं बघू लागलं. पुन्हा जागा आणि गर्दी. ते हवंच होतं. पण पाळण्यात एका वेळी चाळीसच माणसं असतात आणि इजा होते ती बहुतेक एखाद्याच पेटीत. तेवढ्यावर आयोग बसत नाही.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एका गावच्या जत्रेत (गाव सांगत नाही) लाईट गेले आणि आमची पेटी वर अडकली. जनरेटर सुरू होईना. खाली अंधारात आरडाओरडा. मग पाळणेवाल्याचा म्हातारा बाप टपरीतून बाहेर आला, आऱ्याला धरून लोंबकळला आणि पोरांना हाका मारून एकेक पेटी हातानं खाली उतरवायला लागला, समोरची भरलेली पेटी बघून, तोल सांभाळत. आमची उतरली तेव्हा त्यानं आधी माझी वेणी दांडीतून सोडवली. ती अडकलीय हे मला ठाऊकच नव्हतं.