अप-डाऊन

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. कालपर्यंत तालुक्याचं गाव, आज जिल्ह्याचं ठिकाण! कचेऱ्या आल्या, बाबू आले. पण बिऱ्हाड आणायला मन धजेना. कुणी एक खोली भाड्याने घेतली, बायको-पोरं चंद्रपूर-नागपुरातच ठेवली. कुणी रोजचं अप-डाऊन धरलं: मूल, सावली, वैनगंगेचा पूल, सुमारे ८० किमी.

"मुख्यालयी रहा" हा नियम आहेच, पण कागदावर.

मुलांच्या शाळेसाठी करतात, समजतं. आपणही तेच केलं असतं. पण जिल्हा झाला तो सरकार जवळ यावं म्हणून ना? सिरोंच्याचा माणूस २०० किमीवरून येतो, तर साहेब एसटी गाठायला निघालेले. मग मुक्काम त्याला पडतो. साहेबांनी टाळलेलं भाडं शेवटी तोच भरतो.