वाटेवरचा हातपंप

सायकलीच्या पंपावर व्याख्यान, असें ऐकून आपणांपैकीं कांहीं जण मनांतल्या मनांत हंसले असतील. हातभर लांबीची एक नळी आणि तिच्यांत सरकणारा एक दांडा. तिचा इतिहास तो कसला, आणि तो सांगावयाचा तरी कशाला? परंतु आडरस्त्यावर, बसलेल्या चाकाशेजारीं ज्याला एकदां तरी ताटकळावें लागलें आहे, तो हंसणार नाहीं. मीही त्यांतलाच एक आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं एके दिवशीं पहांटे मी पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानें निघालों होतों. सायकल नवी, वेगानें धांवणारी. टायर जेमतेम बोटभर रुंदीचे. कात्रजचा घाट उतरून थोडा पुढें गेलों तोंच मागचें चाक बसलें. त्या वेळीं चिंता वाटली नाहीं. जवळ दुसरी ट्यूब होती, आणि ‘मोठा आहे, झटपट भरेल’ असें सांगून दुकानदारानें दिलेला चांगला जाडजूड पंपही होता. पहिले वीस-पंचवीस दाब मोठ्या झोकांत गेले. पुढें दट्ट्या अडला. गुडघा टेकला, अंगाचा सारा भार टाकला, तरी तो तसूभर सरकेना. शेवटीं अर्धवट भरलेल्या चाकावरच निघालों. कोसभरही गेलों नसेन, तोंच एका खड्ड्यांत चाक आदळलें. कडें आणि दगड यांच्यामध्यें ट्यूब चिरडली आणि तिला शेजारीं शेजारीं दोन भोकें पडलीं. उरलेली वाट सायकल हातांत धरून चाललों. त्या वाटेवर दुकानदाराला मनांतून पुष्कळ बोल लावले. पण खरा दोष माझ्या अज्ञानाचा होता. हें यंत्र काय काम करतें, आणि त्याला हाच आकार कां आला, याचा मीं कधीं विचारच केला नव्हता. पुढें तो करूं लागलों, तेव्हां या क्षुद्र वस्तूमागें केवढा इतिहास उभा आहे हें ध्यानांत आलें.

हवेवर चालणाऱ्या चाकाची कल्पना आजच्या सायकलीहून जुनी आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि १८४७ सालीं लंडनच्या रीजंट पार्कमध्यें तशा चाकांची घोडागाडी चालवूनही दाखविली. पण त्या काळीं या कल्पनेला गिऱ्हाईक मिळालें नाहीं, आणि ती विस्मृतींत गेली. पुढें चाळीस वर्षांनीं ती बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याला स्वतंत्रपणें सुचली. त्याच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला भरीव रबरी धांव होती आणि शहराच्या दगडी रस्त्यांवर पोराचीं हाडें खिळखिळीं होत. डनलॉपनें लांकडी चकतीभोंवतीं रबराची नळी बसविली आणि फुटबॉलमध्यें हवा भरण्याच्या पंपानें ती फुगविली. मग अंगणांत त्यानें जुनें चाक व नवें चाक सारख्याच जोरानें सोडून पाहिलें. जुनें मध्येंच कलंडलें. नवें अंगण ओलांडून फाटकावर आपटून परत फिरलें. त्यानें १८८८ सालीं पेटंट घेतलें; थॉमसनचें जुनें पेटंट उजेडांत आल्यावर पुढें तें रद्द झालें. पण इतिहासाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, डनलॉपच्या पहिल्या चाकाबरोबर पहिल्या दिवसापासून पंप होता. एकावांचून दुसऱ्याला अर्थ नव्हता.

या नव्या चाकानें सुख दिलें, तसें एक पारतंत्र्यही दिलें. भरीव धांवेला खिळ्याचें भय नव्हतें. हवेच्या चाकाला बाभळीचा एक कांटा पुरेसा होता. त्यांत आरंभींचे टायर कड्याला चिकटवून पक्के केलेले असत. १८८९ सालीं फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथें मिशेलिन बंधूंच्या कारखान्यांत असा एक टायर दुरुस्तीला आला. दुरुस्तीला तीन तास लागले आणि डिंक वाळावा म्हणून चाक रात्रभर ठेवावें लागलें. ज्या प्रवाशाला रस्त्यांत हें घडेल त्यानें काय करावें? या विचारांतून मिशेलिन बंधूंनीं काढतां-घालतां येणारा टायर तयार केला. १८९१ सालच्या सप्टेंबरांत पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारें १२०० किलोमीटरांची शर्यत झाली. ती शार्ल तेराँ यानें अशाच टायरांवर ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. त्याच सुमारास वुड्स यानें पितळी खुंटीवर रबराची बारीक नळी चढवून साधी झडप बनविली. बाहेरून दाब आला म्हणजे नळी किंचित् फुगून हवा आंत सोडते, आणि आंतल्या दाबानें खुंटीला घट्ट बिलगून तीच वाट बंद करते. आपल्याकडील गांवोगांवच्या सायकलदुकानांत सुट्या मिळणाऱ्या ‘व्हॉल्व्ह ट्यूब’चा जन्म हा असा आहे.

टायर स्वतःच्या हातानें सोडवितां येऊं लागला आणि झडपही सुटसुटीत झाली, तेव्हां पंपानेंही घर सोडलें. तो सायकलीच्या दांड्याला अडकविला जाऊं लागला आणि स्वाराचा सोबती झाला. ही सोबत किती मोलाची होती हें पाहावयाचें असेल, तर जुन्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीकडे वळावें. १९०३ सालीं सुरू झालेल्या या शर्यतीचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांच्या शिस्तींत स्वारानें दुसऱ्या कोणाची मदत घेणें हा अपराध होता. म्हणून स्वार जादा टायर खांद्यांवरून आडवे गुंडाळीत, पंप सायकलीला बांधीत, आणि आपलें पंक्चर आपणच निस्तरीत. १९१३ सालीं पिरेनीज पर्वतांत तूरमालेचा घाट उतरतांना युजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांच्या वर चालत सेंत-मारी-द-कांपां या गांवच्या लोहारशाळेंत आला. तेथें पंचांच्या डोळ्यांदेखत त्यानें स्वतः लोखंड तापवून, ठोकून चिमटा सांधला. परंतु दोन्ही हात कामांत गुंतलेले असल्यामुळें भाता मात्र एका मुलानें हलविला. दुसऱ्याच्या हातचा वारा घेतला म्हणून क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. तो पुढें तीन मिनिटांवर आणला. त्या दिवशीं त्याचे जवळजवळ चार तास गेले होते. तरीही त्यानें शर्यत पुरी केली, आणि सातवा क्रमांक मिळविला.

आतां या सोबत्याचें अंतरंग पाहूं. जुन्या पंपांत दट्ट्याच्या टोकाशीं चामड्याची एक वाटी असे. चांगल्या पंपांत ती अजूनही असते. दट्ट्या पुढें ढकलला म्हणजे वाटीची कड नळकांड्याला चिकटते आणि हवा कोंडते. मागें ओढला म्हणजे कड सैल पडून नवी हवा पुढें शिरते. वाटी वाळली कीं पंप मेला. म्हणून तिला तेलाचे दोन थेंब लागतात. वीस वर्षें पडून राहिलेला पंप तेवढ्यानें पुन्हां जिवंत झालेला मीं पाहिला आहे.

परंतु खरें मर्म नळकांड्याच्या जाडींत आहे. रॉबर्ट बॉइलनें १६६२ सालीं सांगून ठेवलें कीं, हवा जितकी आकसावी तितका तिचा दाब वाढतो. हा दाब दट्ट्याच्या सबंध तोंडावर पडतो. समजा, टायरमध्यें चौरस इंचास १०० पौंड दाब हवा आहे. नळकांड्याचा व्यास सव्वा इंच असेल, तर अखेरच्या दाबाला सुमारें १२३ पौंड जोर लागेल. पाऊण इंच असेल, तर अवघा ४४ पौंड. रस्त्यावर उकिडवें बसून १२३ पौंडांचा जोर कोण लावणार? उलट, तितक्याच लांबीच्या जाड पंपानें एका दाबांत जवळजवळ पावणेतीनपट हवा जाते. म्हणून रुंद टायरांना, जेथें हवा पुष्कळ आणि दाब थोडा लागतो, तेथें जाड पंप. आणि अरुंद टायरांना बारीक व लांब पंप. कात्रजच्या पायथ्याशीं माझा घात झाला तो एवढें गणित न केल्यामुळें.

जुन्या कारागिरांना हें गणित पाठ होतें. इंग्लंडांत कव्हेंट्रीजवळच्या वोल्स्टन गांवीं ब्ल्यूमेल यांच्या कारखान्यांत होणारे सेल्युलॉइडचे हलके पंप, किंवा १९१७ सालीं मिलान येथें निघालेल्या सिल्का या कारखान्याचे पंप पाहावेत. ते सडपातळ आणि लांब, दांड्याच्या लांबीइतके. तें कांहीं शोभेसाठीं नव्हे. पुढें खिशांत मावणारे वीतभर पंप आले. ते सोयीचे खरे, पण लांबी गेली तेवढे दाब वाढले. एक चाक भरावयास शेंकडों दाब द्यावे लागतात. वायूचीं लहान पोलादी नळकांडीं क्षणांत चाक भरतात. परंतु तीं एकदांच कामीं येतात, आणि तो कर्बवायू रबरांतून लवकर झिरपतो. विजेचे चिमुकले पंपही आतां मिळतात. ते विद्युद्घट भरलेला असेपर्यंतच सोबती.

मग निवड कशी करावी? प्रथम आपला टायर पाहावा. अरुंद टायरांत पूर्वीं १०० ते १२० पौंड भरीत. अलीकडे रस्त्यावरचे टायर २८ मिलिमीटरांपर्यंत रुंद झाल्यामुळें पुष्कळांना ७०-८० पौंड पुरतात. दुसरें, झडप पाहावी. वेगवान सायकलींना बहुधा फ्रेंच पद्धतीची सडपातळ झडप असते. तिचा वरचा बारीक स्क्रू आधीं सैल करावा लागतो, आणि पंपाचें ताठ तोंड हेलकावलें तर तो वांकतो. यासाठीं मधें आखूड, लवचिक नळी असलेला पंप बरा. नळी फार लांब मात्र नसावी. दर खेपेस तिच्यांत हवा अडकते आणि तेवढे श्रम वायां जातात. तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें: पंप विकत घेतला कीं घरींच चाकांतली सारी हवा सोडावी, आणि त्याच पंपानें तें पुरतें भरून पाहावें. दुकानांत हाताळतांना सगळेच पंप चांगले असतात. सत्तराव्या पौंडाला कोणता काय करतो, हें अंगणांत कळावें, घाटांत नव्हे.

श्रोते हो, क्रिस्तोफला झालेला दंड अन्यायाचा होता असें आज आपण म्हणूं, मीही म्हणतों. अडलेल्या माणसासाठीं कोणी भाता हलविला, तर त्यांत पाप कसलें? पण ओसाड रस्त्यावर भाता हलवावयाला प्रत्येक वेळीं तो मुलगा भेटेलच असें नाहीं. हवेचें चाक स्वीकारून माणूस कांट्याच्या ताब्यांत गेला होता; या हातभर नळीनें त्याला पुन्हां स्वाधीन केलें. म्हणून ती निवडतांना थोडा विचार करावा, आणि निघण्यापूर्वीं तिच्या वाटीला दोन थेंब तेल द्यावें, इतकेंच सांगून मी आपली रजा घेतों.