पायली भंगारात घालण्याआधी मोजून ठेवा



माळ्यावर नाहीतर कणगीच्या मागं अजून कित्येक घरांत जुनी पायली, अधोली, शेर, चिपटं पडून आहे. लग्नात नव्या सुनेनं उंबऱ्यावर माप ओलांडायचं, एवढाच आता त्याचा उपयोग. भंगारवाला लोखंडाच्या भावानं मागतो. शहरातला जुन्या वस्तूंचा व्यापारी चार पैसे जास्त देतो. दोघंही किंमत करतात ती धातूची नाहीतर जुनेपणाची. मापाच्या पोटात किती मावतं हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत तिथंच आहे.

कोष्टक जुन्या माणसांना पाठ असायचं. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढं बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. कोष्टक सुटसुटीत, पण गाव बदललं की पायलीच बदलायची. वजनाच्या शेराला निदान तोळ्याचा आधार होता. कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा, आणि ८० तोळ्यांचा शेर म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम. मापी शेराला असा आधार नव्हता. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर काढले, त्यात वजनमापांवर वेगळा मजकूर द्यावा लागला तो यामुळंच. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं किलो-लिटर आले आणि पायली माळ्यावर गेली.

आता जरा हिशेब करू. एक पायली घ्या, आतून तोंड १८ सेंमी, खोली १५ सेंमी. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले खोली, म्हणजे साधारण ३.८ लिटर. दुसरी घ्या, तोंड २२ सेंमी, खोली १० सेंमी. तीही ३.८ लिटरच. वरून हात फिरवून सपाट मापलं तर दोन्ही सारख्या. पण आपल्याकडं धान्य शीग लावून मापायचे. ज्वारीची शीग म्हणजे शंकू, तोंड रुंद तेवढी ती उंचही होते. पहिल्या पायलीवर साधारण ५ सेंमी उंच, म्हणजे ०.४ लिटरच्या थोडी वर. दुसरीवर ६ सेंमीच्या वर, म्हणजे पाऊण लिटरच्याही पुढं. पायलीमागं फरक साडेतीनशे मिलिलिटर. खंडीच्या २४० पायल्यांना ८४ लिटर, म्हणजे ६० किलोच्या वर ज्वारी! खळ्यावर ‘लाभ’ म्हणून पहिलं माप टाकलं की पुढं कोण बघतंय तोंड किती रुंद आहे ते? घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं ठेवणारे सावकार होतेच. ‘मापात पाप’ उगाच म्हणत नाहीत.

म्हणून विकण्याआधी माप मोजा. रिकामं वजन करा, काठोकाठ पाणी भरून परत करा. फरक जितके किलो, तितके लिटर. कंबरेत आवळलेल्या मापाला सूत्र लावत बसू नका, पाणीच खरं सांगतं. गळत असेल तर मोहरी किंवा राळा भरून सपाट करा आणि तो लिटरच्या मापानं मोजा. तोंडाची रुंदी आणि खोली दोन्ही लिहा, नाहीतर शिगेचा हिशेब लागणार नाही. कोणत्या गावचं, कुणाच्या घरातलं, कशासाठी वापरायचे, बलुत्याला की उसनवारीला, हेही लिहा.

कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले मित्र हे पान वाचतात, त्यांच्यासाठी एक सांगतो. जुन्या वह्यांत उतारा पायलीत आणि खंडीत लिहिलेला असतो. सरसकट ‘एक पायली म्हणजे इतके किलो’ धरून तो एकरी क्विंटलमध्ये बदलू नका. लिटरभर ज्वारी पाऊण किलोच्या आसपास भरते, भात साळीसकट ५५० ते ६०० ग्रॅम. त्या गावची पायली सापडली तरच जुन्या वाणाचा खरा उतारा कळेल.

विकायचंच असेल तर चिंच लावून घासू नका. जुनी झळाळी आणि सरकारी शिक्का गेला की जाणकार गिऱ्हाईक मागं सरतं. शंभर वर्षांवरची पुराणवस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. आणि नांगरताना जमिनीतून नाणी किंवा भांडी निघाली तर ती विकायच्या भानगडीत पडू नका. १८७८ चा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांवरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं.

तुमच्याकडची पायली किती लिटरची भरली? गाव, तालुका, तोंड, खोली लिहून कळवा.